येत नसल्याचा दाखला

काकासाहेबांनी आयुष्यभर ज्या थापा मारल्या, त्यांतली एकही कधी कोणी खरी मानली नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. लासूर स्टेशनच्या बाजारात आपल्या मिरचीच्या गोणीजवळून गेलेला बैल तिखटाच्या धाकानं गावाला वळसा घालून आला, असं ते सांगत, तेव्हा ऐकणारे चहा संपवून उठत. वाळूजला कारखाने आले ते आपल्या वडलांनी एका साहेबाला बांधावर पिठलं-भाकरी खाऊ घातली म्हणून, असं ते सांगत, तेव्हा पोरं एकमेकांना डोळे मारत. थाप म्हणजे त्यांच्या लेखी सुपारी होती, जेवणानंतर पुढं करायची, कोणी घेईल, कोणी नाही घेणार. त्यामुळं त्या दिवशी शहरात, पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या खोलीत, शैला मॅडमनी फाइलमधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं, त्यांच्याकडे तोंड करून टेबलावर ठेवलं, बोटानं सपाट केलं आणि "हे तुम्हीच बोललात ना?" असं विचारलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की आपलं एक बोलणं कोणीतरी खरं मानलंय, आणि ते कोणीतरी म्हणजे सरकार आहे.

कात्रणात त्यांच्या लॉजवरच्या मनकर्णाबाईचा फोटो होता. हातात पळी, डोक्यावर पदर, आणि फोटोवाल्यावर खेकसत असताना काढल्यामुळं तोंड अर्धं उघडं. खाली काकासाहेबांचे शब्द, अगदी जसेच्या तसे: 'आमच्या मनकर्णाबाईंनी कोरियाच्या बाईला मागं टाकलं. आता तिकडची माणसं इकडं स्वयंपाक शिकायला येतील.' शैला मॅडम काही रागावलेल्या नव्हत्या. उलट त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होता, चूक पोराच्याच तोंडून निघावी म्हणून वाट बघणारा. "ज्या कामाला इथलं माणूस मिळतं, त्या कामाला बाहेरच्या माणसाचा व्हिसा वाढवता येत नाही, काकासाहेब. नियम साधा आहे. आणि तुम्ही तर छापून आणलंय की मिळालं." वर पंखा एका बाजूला झोका देत फिरत होता, आणि दर फेऱ्याला कात्रणाचा कोपरा उचलून मनकर्णाबाई जरा उठून बसल्यासारखी दिसत होती. "मग आता?" काकासाहेबांनी विचारलं. "आता लेखी द्या, की तुमच्या या मनकर्णाबाईंना कोरियन स्वयंपाक येत नाही. मी उद्या स्वतः येऊन बघीन, आणि जे दिसेल तेच वर कळवीन." काकासाहेब हसले, कारण अशा वेळी ते नेहमीच हसत, आणि म्हणाले, "आणि येत असला तर?" मॅडमनी कात्रणाला टाचणी लावली. "तर चोई सुन-जा यांनी महिनाअखेर परत जायचं."

छावणीतून जीप काढताना त्यांना वाटलं, आपल्या हाताला वास येतोय. लसणाचा, आणि लसणाच्या खाली आणखी कशाचा तरी, आंबट, खोल, विहिरीच्या तळाशी असतो तसा गार. सुंजाबाईचा वास. चोई सुन-जा हे नाव कागदावरच. वाळूजच्या लॉजवर पहिल्या आठवड्यातच तिची सुंजाबाई झाली होती, आणि या नावानं बोलावल्यावर ती अशी वळायची, जणू सारजाबाई, साळूबाई यांच्याबरोबर धुणं धुवून मोठी झाली आहे. नगर नाक्याला सिग्नल लागला तेव्हा शिफ्टची बस शेजारी येऊन थांबली, खिडकीतल्या एकानं ओळखीनं हात केला, आणि काकासाहेबांना त्या हाताकडं बघून एकदम अपराधी वाटलं, का ते कळेना. त्यांनी हात केला नाही. कारखान्यांना जाऊन उरलेल्या शेतात त्यांनी बांधलेलं ते लॉज, कोरियाहून मशिनं बसवायला आलेले इंजिनिअर तिथं राहायचे, हे सगळं खरं म्हणजे सुंजाबाईच्या आधीपासूनचं होतं. पण आता आठवायला गेलं की तिच्या आधीचं काही धड दिसतच नसे. दिसायचे ते कोरियाचे वाळत चाललेले पुरुष, सुटकेसमधून आणलेल्या शेवयांच्या पाकिटात गरम पाणी ओतून खोलीचं दार लावून घेणारे. कंपनीचा माणूस म्हणाला होता, यांच्या जेवणाचं बघा, नाहीतर यांना दुसरीकडं हलवतो. आणि मग चिकलठाण्याच्या विमानतळावर ती उतरली: साठीची, बुटकी, रुंद, हातात एवढीशी पिशवी आणि चेहऱ्यावर असा भाव की हे विमान मीच चालवत आणलंय, पोरं नीट चालवत नव्हती.

तिच्याबद्दल काकासाहेब जे सांगत ते कोणी मानत नसे, आणि गंमत अशी की तिच्याबाबतीत त्यांना वाढवून सांगायला फारशी जागाच नव्हती. लासूर स्टेशनच्या बाजारात तिनं एका व्यापाऱ्याची अख्खी लाल मिरची तोंडात टाकून बोरासारखी चावली, डोळे मिटले, मान हलवली आणि गोणी नाकारली. व्यापाऱ्यानं दुसरी उघडली, तिसरी उघडली, आणि शेवटी आतल्या खोलीतली, स्वतःच्या घरासाठी ठेवलेली काढून दिली. पैसे घेताना तो तिच्याशी उठून उभा राहून बोलला. लॉजच्या मागं तिनं रांजण अर्धे जमिनीत पुरून घेतले. खारवलेला कोबी, मिरची, लसूण, मासळीचा रस असं पानापानात चोळून भरायचं, वर दगड ठेवायचा आणि मुरू द्यायचं. त्याला किमची म्हणतात आणि त्या लोकांचं पान त्याशिवाय हलत नाही, हे वाळूजला आता पानटपरीवाल्यालाही ठाऊक आहे. पण पहिल्या दिवशी मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून त्या खड्ड्यांकडं बघत म्हणाली होती, "दाजी, भाजीला पुरून घालायची रीत हाय व्हय यांच्यात? कोण मेलंय?" रांजण उघडला त्या दिवशी वास असा निघाला की, काकासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणं, रस्त्यावरून चाललेल्या दोन मोटरसायकली आपोआप लॉजच्या फाटकात वळल्या. इंजिनिअर खोल्यांतून अनवाणी बाहेर आले. त्यातला सगळ्यात थोरला, यून साहेब, पहिला घास घेऊन खाली बघत बसला, आणि त्याला पाणी द्यायला गेलेल्या मनकर्णाबाईनं पाणी तसंच परत आणलं. "ऱ्हाऊ द्या त्याला जरा," ती म्हणाली. "घरी गेलाय तो."

मनकर्णाबाई फुलंब्रीकडची. काकासाहेबांच्या बायकोच्या माहेरची, तिच्याच गल्लीतली, म्हणून ती त्यांना दाजी म्हणायची आणि मेहुणीच्या हक्कानं चारचौघांत त्यांची पार रेवडी उडवायची. नवरा गेल्यावर ती लॉजवर भाकरी थापायला आली आणि स्वयंपाकघराची मालकीण होऊन बसली. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा काकासाहेबांना वाटलं होतं, आता भांडी वाजणार. वाजलीही. ही मराठीत ओरडायची, ती कोरियनमध्ये, आणि दोघींचं भांडण असं रंगायचं की एकीचा शब्द दुसरीला कळत नाही हे ऐकणाऱ्यालाही विसरायला व्हायचं. "आगं ए सुंजे, किती मीठ ते! सासरा हाय का तुझा कोबी?" त्यावर सुंजाबाई लांबलचक काहीतरी बोलून हिच्या मनगटावर चापट मारायची, आणि हात धरून शिकवायची, कोबीचं पान मोडत नाही, वाकतं, तेव्हा मीठ पुरं झालं. चापट खात खात मनकर्णाबाई सगळं शिकली. कोरियन मंडळींच्या ताटाला मात्र सुंजाबाई तिला हात लावू द्यायची नाही. मनकर्णाबाईनं केलेलं इथली माणसं खायची: काकासाहेब, वॉचमन, धुण्याच्या बायका. आणि काकासाहेबांनी दोन्ही खाल्लं होतं. खरं सांगायचं तर मनकर्णाबाईचं जास्त लागलं होतं जिभेला. तेच तर ते पेपरवाल्याला बोलले होते. आयुष्यातलं एकच बोलणं, जे त्यांनी वाढवलं नव्हतं.

तीसगाव फाट्याशी त्यांनी जीप बाजूला घेतली आणि उगीच थांबले. येत नाही असं लिहून द्यायचं. दोन ओळींचं काम. एवढं अवघड काय आहे त्यात, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर जे आलं ते त्यांना नको होतं. त्यांच्या घरात जेवताना पुरुष बोलत नसत. स्वयंपाक चांगला झाला तर बोलायचं नाही; मीठ कमी पडलं, भाकरी करपली, तरच आवाज यायचा. न बोलणं हीच पावती. आजोबा तसे जेवले, वडील तसे जेवले, निजामाच्या राज्यात जेवले तसेच पोलिस ॲक्शननंतरही जेवले, राज्य बदललं तरी पाटावरचा मान बदलला नाही, आणि काकासाहेब, जे बाजारात बैलाची गोष्ट अर्धा तास लावून सांगत, ते बायकोसमोर, वच्छलाबाईसमोर, पाटावर बसले की गप्प होत. वच्छलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. ताट संपेपर्यंत. कशाची वाट बघायची ती? मीठ मागतील म्हणून, असंच त्यांना वाटत आलं होतं. ती गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी लॉजवर मनकर्णाबाईच्या हातचं खाताना त्यांच्या तोंडून "वा" निघाला, तेव्हा मनकर्णाबाई भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "काय झालं? लागलं का काय?" स्वयंपाकाला म्हटलेला तो त्यांचा पहिला 'वा', आणि तो निघाल्यावर थांबेचना, बांध फुटल्यासारखं ते वाळूजपासून शहरातल्या गुलमंडीपर्यंत सांगत सुटले, मनकर्णाबाई अशी, मनकर्णाबाई तशी, आणि पेपरात आलं. आता सरकार म्हणत होतं, ते परत घ्या. लेखी.

आणि नाही घेतलं, तर दुसरीला जावं लागणार. सुंजाबाई फोनमध्ये बोलायची आणि फोन तिचं हिंदी करून सांगायचा, बाईच्या आवाजात, जरा तुटक. एकदा काकासाहेबांनी सहज विचारलं होतं, घरची आठवण येते का. फोन म्हणाला: जहाजाच्या कारखान्याबाहेर माझी खानावळ होती. कारखाना बंद झाला. मुलगा कॅनडात आहे, तो डाएट करतो. तिकडे माझ्या हातचं खाणारं कोणी नाही. एवढं बोलून फोन थांबला, आणि सुंजाबाईनं लसूण सोलायला घेतला. दूर कुठंतरी एका बंद घरात ही बाई एकटी, एका माणसापुरता तांदूळ धुते आहे, असं काकासाहेबांना त्या फाट्यावर उन्हात दिसलं. रांजणभर करणारे ते हात, आणि वाटीभर तांदूळ. त्यांनी जीप सुरू केली. एकीला नाही म्हटल्याशिवाय दुसरीला राहा म्हणता येत नाही, अशी ही कसली व्यवस्था, असा राग त्यांना येऊ बघत होता. पण नियम काही चुकीचा नव्हता, नियम मनकर्णाबाईसारख्यांच्याच बाजूनं होता, आणि हेच खरं घशात अडकणारं होतं.

लॉजवर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दोघी कोथिंबीर निवडत होत्या. "मनकर्णाबाई, एक मॅडम येणार आहेत उद्या. तुमचा हात बघायला." "हात? ज्योतिषी हाय का?" "स्वयंपाकाचा हात. सुंजाबाईचं तुम्हाला येतं का, ते बघायचंय त्यांना." मनकर्णाबाई खुलली. पदर सावरला. "येतं की! न यायला काय धाड भरलीय? बोलवा, आजच बोलवा." काकासाहेब चुळबुळले. फरशीवरच्या एका डागाकडं बघत त्यांनी सगळं सांगितलं, नियम, कात्रण, महिनाअखेर. मनकर्णाबाईची बोटं कोथिंबिरीत थांबली. सुंजाबाईनं आवाजातला फरक ओळखून मान वर केली आणि एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. "म्हंजी मला आलं तर हिला घालवणार," मनकर्णाबाई सावकाश म्हणाली. "व्हय." "आन् मला आलं नाय तर ऱ्हाऊ देणार." "तसंच." "मग तुमचं म्हन्नं काय, दाजी?" काकासाहेब म्हणणं शोधत होते. "जरा... म्हणजे उद्यापुरता, जरा हात आखडता घेऊन... मीठ जरा..." ती उठलीच. "अन्न नासवू? मी? चुलीम्होरं बसून? लोकं खानार ते, आन् मी जानूनबुजून खारट करू? दाजी, तुमची अक्कल जीपमधी ऱ्हायली का?" आणि मग हळू, जवळजवळ स्वतःशी, "येत नाय म्हनावं म्हनता. येतं तर." त्यांनी फोनमधून सुंजाबाईला समजावलं. तिनं ऐकून घेतलं, फोनच्या त्या परक्या बाईच्या तोंडी एकच वाक्य परत आलं: हिला खराब करायला सांगू नका, मी जाईन. आणि मनकर्णाबाईच्या हातातली कोथिंबीर तिनं काढून घेतली, कारण ती चुरगळत होती.

शैला मॅडम वेळेवर आल्या. काकासाहेबांनी चहा पुढं केला, तो त्यांनी नंतर म्हणून बाजूला ठेवला. "मी शाकाहारी आहे, त्यामुळं चव मी घेणार नाही. तुमच्यापैकी कोणीही घ्यायची नाही. इथं राहणारं तिकडचं माणूस हवं." कारखान्याच्या सुट्टीचा वार असल्यानं यून साहेब होता, त्याला जेवणघरात एका टेबलाशी बसवलं, समोर रिकामं वाडगं. सुंजाबाईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ती बसली, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्यासारखी. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, काकासाहेब त्यांच्या मागं, चौकटीला टेकून. मनकर्णाबाईनं कोपऱ्यातला स्वतःचा रांजण उघडला. वास आला, आणि तो अगदी तोच होता. काकासाहेबांना अजून आशा होती की निदान वास तरी वेगळा येईल. मनकर्णाबाईनं मुरलेला कोबी काढला, दाबून बघितला, कात्रीनं कापला, सुंजाबाई कापते तसाच, आडवा. रस वाया जाऊ न देता पातेल्यात पिळला. तांदळाचं धुवण ओतलं. सोयाच्या पनीरचे तुकडे हातावरच कापून अलगद सोडले. चापटी खाल्लेली ती मनगटं आता कशी हलत होती! ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. कान पातेल्याकडं झुकवून ती रश्श्याचं ऐकायची, सुंजाबाई ऐकते तशी, आणि आच कमी करायची. भीतीनं घाम आलेला असताना काकासाहेबांना आतून एक आनंद होत होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. बघा मॅडम, असं त्यांना ओरडावंसं वाटलं, मी खोटं बोललो नव्हतो. बाहेर बाकावर सुंजाबाईचं नाक हललं, आणि ती हसली. तिच्या चेहऱ्यावर शिकवणीच्या बाईचं समाधान होतं, पहिला नंबर आलेल्या पोरीला बघावं तसं. त्या नंबरानं आपलं तिकीट कापलं जातंय हे जणू तिच्या गावीच नव्हतं. असं माणूस आपण पाहिलं नाही, असं काकासाहेबांना वाटलं, आणि आतल्या बाईकडं बघून पुन्हा तेच वाटलं, आणि दोन वाटणं एका छातीत मावेनात.

रस्सा झाला. मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. आणि तेव्हा मनकर्णाबाईनं, कोणी काही बोलायच्या आत, छोटी लोखंडी पळी आचेवर धरली, तेल सोडलं, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, तडतड झाली, आणि ते सगळं चर्र करून पातेल्यात ओतून वर झाकण ठेवलं. किती सहज. श्वास सोडावा तसं. काकासाहेबांना त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. वॉचमनला दिसलं नसतं, धुण्याच्या बायकांना दिसलं नसतं. त्या गावात जन्मलेल्या कोणालाच दिसलं नसतं.

यून साहेबानं पहिला घास घेतला आणि थांबला. वर बघितलं. दुसरा घेतला. तिसरा. मग तो बोलेचना, वाडगं रिकामं केलं, हातानंच भाकरीचा आकार करून दाखवला, भाकरी आली, ती चुरून दुसरं वाडगंही संपवलं. मॅडम पेन उघडं ठेवून उभ्या होत्या. काकासाहेबांनी डोळे मिटले. यून साहेबानं तोंड पुसलं, मनकर्णाबाईला वाकून नमस्कार केला, आणि सहा वर्षांत शिकलेल्या हिंदीत अगदी मनापासून विचारलं, "बहुत अच्छा है. ये क्या है?"

"क्या है म्हंजी?" मनकर्णाबाई कडाडली. "वोइच है! तुम्हारा किमची का रस्सा!"

यून साहेबानं वाडग्यात वाकून बघितलं, तळाशी चिकटलेली मोहरी बोटानं उचलली, चाखली. "नहीं," तो संकोचून म्हणाला. "उसका दूर का रिश्तेदार है. बहुत अच्छा आदमी है. लेकिन वो नहीं है."

मॅडमनी मोहरीकडं बघितलं. "शेवटी काय ओतलंत तुम्ही?" "फोडणी." "चोईबाई घालतात?" "नाय घालत. तेवढंच ऱ्हातं बिचारीचं. बाकी सुगरण हाय, पन जेवन तसंच कच्चं उतरवती. म्हून मी पुरं करते." मॅडम काही मूर्ख नव्हत्या. त्यांनी वही मिटली नाही. "मग फोडणी न घालता करा. बाकी सगळं तुम्हाला येतंच आहे. पुन्हा करून दाखवा, मी थांबते."

काकासाहेबांना वाटलं, संपलं. एवढंच तर करायचं होतं, एक पळी आचेवर धरायची नाही. मनकर्णाबाईनं पातेलं पुन्हा ठेवलं. कोबी, धुवण, पनीर, कान लावून ऐकणं, सगळं तसंच. रस्सा उकळला. तिनं आच बारीक केली. आणि ती उभी राहिली. नुसती उभी राहिली. तिचा उजवा हात पळीकडं गेला, तिनं तो डाव्या हातानं धरून परत आणला. हात पुन्हा गेला. "वाढा," मॅडम म्हणाल्या. मनकर्णाबाईनं वाडगं उचललं, रश्श्याकडं बघितलं, वाडगं खाली ठेवलं. पदरानं कपाळ पुसलं. तिचा चेहरा काकासाहेबांनी असा कधी बघितला नव्हता. लाज नव्हती त्यावर, नाटक तर नव्हतंच, खोल विहिरीत दोर पुरत नाही हे कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो. "नाय, मॅडम," ती म्हणाली. "असं अर्धं म्या मान्साच्या म्होरं ठेवू शकत नाय. मला आता दिसतंय, सुंजीचं अर्धं नसतं. तिथं तिचा हात थांबतो आन् तिथंच तिचं पुरं व्हतं. माझा थांबत नाय. हे मला येत नाय. त्याला तीच पायजे."

काकासाहेबांना कळलं, की ज्या शब्दांसाठी आपण दोन दिवस वळवळत होतो ते तिनं आपल्या डोक्यावरून अलगद उतरवून घेतले, आणि उतरवताना ती तसूभर लहान झाली नाही, उलट आता तिच्याकडं बघायला त्यांना मान वर करावी लागत होती. मॅडमनी पेनचं टोपण दाताखाली धरलं, काहीतरी लिहिलं आणि कोरा कागद त्यांच्याकडं सरकवला. "आता द्या लिहून." त्यांनी खाली बसून लिहिलं: आमच्या मनकर्णाबाईंना कोरियन स्वयंपाक येत नाही, कारण त्यांचा हात फोडणी दिल्याशिवाय थांबत नाही. मोठ्यानं वाचून दाखवलं. "बरुबर," मनकर्णाबाई म्हणाली. "आता फुडं लिव्हा. सुंजाबाईला फोडनी येत नाय." "ते कशाला?" "कशाला म्हंजी? माझं एकटीचंच जानार व्हय सरकारात? तिचंबी जाऊ द्या. बरोबरीनं ऱ्हातो, बरोबरीनं लिव्हा." काकासाहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचे खांदे बारीक हलत होते. काकासाहेबांनी लिहिलं.

यून साहेबानं बाहेर जाऊन सुंजाबाईला दोन्ही ओळी तिच्या भाषेत सांगितल्या. पहिली ऐकून तिनं डोळे पुसले, मान हलवली. दुसरी ऐकून ती ताडकन उभी राहिली. तिच्या तोंडून जे काही निघालं त्याचं भाषांतर यून साहेबानं केलं नाही. बाह्या वर सारत ती स्वयंपाकघरात शिरली, मनकर्णाबाईला कोपरानं बाजूला केलं, पळी आचेवर धरली, तेल भसाभस ओतलं, मोहरीची मूठ, आणि मोहरीच्या आधीच लाल मिरची. क्षणभर सगळं ठीक वाटलं. मग काळा, कोरडा, डोळ्यांत सुया खुपसणारा धूर उठला. यून साहेब ठसकत बाहेर पळाला, वॉचमन फाटकावरून शिंकत ओरडला, मागं धुणं टाकून बायका उठल्या, आणि काकासाहेबांच्या सांगण्यानुसार त्या शिंका पार वाळूजच्या बसस्टँडपर्यंत ऐकू गेल्या. शैला मॅडमनी ओढणी नाकाला लावून कागद फाइलीत घातला. "राहू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दुसरी ओळही सिद्ध झाली. मुदत वाढवायची शिफारस मी करते."

आत मनकर्णाबाईनं गॅस बंद केला. खोकत खोकत तिनं सुंजाबाईचं मनगट धरलं, आणि त्यावर सण्णकन एक चापट मारली. "आगं सुंजे, आधी तेल तापू दे! मग मोहरी. ती बोलती. तिचं बोलून झालं की मग मिरची. ये हिकडं, धर पळी." आणि पुन्हा गॅस पेटल्याचा आवाज आला.

शैला मॅडम लॉजच्या पायऱ्या उतरता उतरता वळल्या. "अहो मनकर्णाबाई," त्या धुरात हाका मारत म्हणाल्या, "शिकवू नका हो तिला! पुढच्या वर्षी मला पुन्हा लिहायचंय!" पण आत मोहरी तडतडायला लागली होती, आणि दोघींना काहीच ऐकू येत नव्हतं.